ट्रंकेवरचा पत्ता

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पोस्टिंग आली. नवरा सिग्नल्समध्ये, त्यामुळे महूची पोस्टिंग म्हणजे त्याला माहेरी आल्यासारखंच (सिग्नल्सचं मोठं कॉलेज इथेच आहे). अडीच वर्षं मजेत गेली. आता फील्ड. म्हणजे तो वर डोंगरात, आणि मी आणि लेक... कुठे, हा प्रश्न.

लग्नाला १८ वर्षं झाली आणि हे आमचं नववं घर. नातेवाईकांना हे माहीतच आहे, कारण दर दोन-तीन वर्षांनी दिवाळीच्या फराळाचं पार्सल जुन्या पत्त्यावर जाऊन परत येतं. आमच्याकडे १४ काळ्या ट्रंका आहेत. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा आणि स्टेशन. हुद्दा बदलला की काळा हात मारायचा आणि नवा लिहायचा. त्यातली एक ट्रंक सासऱ्यांची, म्हणजे आबांची. तिच्यावर रंगाचे इतके थर आहेत की नखाने खरवडलं तर खालून आधी 'डीएससी', मग 'हवालदार' आणि सगळ्यात खाली 'सागर' अशी अक्षरं निघतात. आबा महार रेजिमेंटचे. रेजिमेंटचं सेंटर मध्य प्रदेशात सागरला.

या वेळी मात्र नुसतं सामान बांधून भागणार नव्हतं. लेकीची दहावी. नवऱ्याची नोकरीची सात वर्षं उरलेली. क्वार्टर काही महिने ठेवता येतं, मग 'सेपरेटेड फॅमिली'च्या यादीत नाव घालून कुठल्या तरी स्टेशनवर वाट बघायची. नवरा म्हणाला, "आता घेऊनच टाकू कुठेतरी." हे 'कुठेतरी' ठरवण्यात जे दोन महिने गेले, त्यात मी छावणीतल्या घरांबद्दल बरंच वाचलं. तेच आज लिहायला बसले आहे.

आम्ही राहतो तो बंगला जुना. उंच छत, जाड भिंती, मागे नोकरांच्या खोल्यांची रांग. महूची छावणीच १८१८ची. डिसेंबर १८१७मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, जानेवारीत मंदसौरचा तह झाला आणि त्याच वर्षी इंग्रजांनी इथे तळ टाकला. पुण्याचा कॅम्पही त्याच सुमाराचा, नोव्हेंबर १८१७च्या खडकीच्या लढाईनंतरचा. म्हणजे मराठ्यांची राज्यं संपली आणि त्या जागी बंगले, सदर बाजार आणि परेडची मैदानं उगवली. आमच्यासारख्या घरांचे अंगणातले आंबे त्याच पराभवाच्या मातीत वाढलेत, असं कधीकधी मनात येतं. असो.

मला गंमत वाटली ती या घरांच्या मालकीची. सुरुवातीला साहेब लोक स्वतःच्या खर्चाने बंगले बांधत. पण पलटण हलली की घराचं काय? १८३६ साली गव्हर्नर जनरलचा हुकूम निघाला, क्रमांक १७९. तो बंगालच्या लष्करासाठी होता. मुंबई आणि मद्रास इलाख्यांचे नियम आपापले होते, पण कल्पना साधारण तीच. जमीन सरकारची. तिच्यावरचं बांधकाम तेवढं तुमचं. बदली झाली तर ते दुसऱ्या अधिकाऱ्याला देऊन जा. आणि सरकारला जागा हवी असेल तर एक महिन्याची नोटीस, मंजूर बांधकामाची किंमत हातात, आणि तुम्ही बाहेर. यालाच पुढे 'ओल्ड ग्रँट' म्हणायला लागले. कँटोन्मेंटमधल्या कुठल्याही जुन्या घरमालकासमोर हा शब्द काढून बघा, कपाळावर आठ्या पडतात. पणजोबांनी विकत घेतलेलं घर, आणि खालची जमीन कधीच घरच्यांची नव्हती!

पुढे नागरी लोकांनी, व्यापाऱ्यांनी हे बंगले घेतले, भाड्याने द्यायला लागले. मग सरकारने आणखी एक कायदा केला, १९०२ साली आणि नंतर १९२३ साली नव्याने: कँटोन्मेंट्स हाऊस-अकोमोडेशन अ‍ॅक्ट. लष्करी अधिकाऱ्याला राहायला घर लागत असेल तर मालकाला ते भाड्याने द्यायला भाग पाडता येईल, असा त्याचा अर्थ. म्हणजे बदलून आलेल्या साहेबाला घर शोधत दारोदार फिरायला लागू नये, याची काळजी कायद्यानेच घेतली होती.

आणि शिपाई? त्याच्यासाठी 'लाइन्स'. कंपनीच्या काळात लाइन्समधल्या झोपड्या शिपाई स्वतः बांधायचे. त्यासाठी सरकार थोडी रक्कम द्यायचं, तिला 'हटिंग मनी' म्हणत. ती पुरायची नाही अशी तक्रार असायची. माती, बांबू, गवत. पलटणीला कूच करायचा हुकूम आला की हे सगळं मागे सोडून पुढच्या गावी परत पहिल्यापासून. मला आमच्या ट्रंका आठवल्या आणि जरा लाजच वाटली. आम्हाला निदान भिंती तयार मिळतात.

१४ एप्रिलला आबा महूला आले. दरवर्षी येतात, पण पूर्वी धर्मशाळेत, मांडवात झोपायचे, लाखो लोक येतात तसेच. बाबासाहेबांचा जन्म इथला, १४ एप्रिल १८९१चा, काळी पलटण भागातला. वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, लष्करी शाळेत हेडमास्तर. आबांचं वय आता ७९. गर्दीत त्यांना एकट्याने सोडवेना म्हणून मी बरोबर गेले. स्मारकातून बाहेर पडल्यावर ते बाकावर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "सुभेदारांना पण हाच प्रश्न पडला असंल बघ. पलटण सुटल्यावर जायचं कुठं."

मी त्या दृष्टीने कधी विचारच केला नव्हता. आपण बाबासाहेबांच्या चरित्रात महू, दापोली, सातारा, मुंबई अशी गावांची नावं वाचून पुढे जातो. पण ती एका निवृत्त लष्करी माणसाच्या घर शोधण्याची यादी आहे!

सकपाळांचं मूळ गाव आंबडवे, रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगडकडे. निवृत्त झाल्यावर सुभेदारांनी बिऱ्हाड हलवलं ते दापोलीला. दापोली का? तर तिथे इंग्रजांचा जुना कॅम्प होता. पलटणी केव्हाच्या गेल्या, पण 'कॅम्प दापोली' हे नाव राहिलं आणि पेन्शनर राहिले. मुंबई लष्करात कोकणातले महार आणि मराठे मोठ्या संख्येने होते. नोकरी संपल्यावर मराठा शिपाई गावी जाऊन आपल्या घराच्या ओटीवर बसू शकत होता. महार शिपाई गावी गेला की पुन्हा वाड्यात. सुभेदार असला तरी. छावणीत त्याने हुद्दा मिळवलेला, पोरांना पलटणीच्या शाळेत घातलेलं, बायकोला लाइन्समधलं पाणी भरायची सवय झालेली. तो गावाच्या वेशीबाहेर परत कसा जाईल? त्यापेक्षा आपल्यासारखे चार पेन्शनर जिथे आहेत, तिथे कॅम्पाच्या कडेला राहिलेलं बरं. माझ्या मते दापोलीच्या वस्तीचं मूळ हवापाण्यापेक्षा जास्त इथे आहे.

याच दापोलीत गोपाळबाबा वलंगकर राहायचे. महाडकडचे, लष्करातून हवालदार म्हणून १८८६ साली निवृत्त. १८८८ साली त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध पुस्तिका काढली, वर्तमानपत्रांतून लिहिलं. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने महारांची लष्करभरती थांबवली, तेव्हा तिच्याविरुद्ध अर्जही त्यांनीच तयार केला. भरती बंद होण्याचा अर्थ नुसता पगार बंद होणं नव्हता. पुढच्या पिढीला छावणीत राहायला जागाच उरली नाही. गावाबाहेर पडायचं ते एकच दार होतं. आणि दापोलीच्या शाळेत काय चाललं होतं? महार पेन्शनरांची मुलं ओसरीवर बसवली जात होती. ज्यांच्या बापांनी सरकारसाठी लढाया केल्या त्यांची मुलं! पेन्शनरांनी त्याविरुद्धही अर्ज केले.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात वडिलांच्या या निर्णयाबद्दल मोजून दोन वाक्यं लिहिली आहेत. दापोलीला कायमचं राहायचं म्हणून आले, आणि काही कारणांनी विचार बदलला. बस्स. मग सातारा. १९०४पर्यंत तिथे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी हायस्कूलमध्ये नाव घातलं (आताचं प्रतापसिंह हायस्कूल), पण वर्गात बसायला घरून आणलेलं तरटाचं बस्कर. गावात न्हावी भरपूर, पैसे द्यायची ऐपतही होती, पण केस कापायचे बहिणीने. हे सगळं त्यांनी लिहिलं आहे. मग मुंबई, परळच्या चाळी.

पुढची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीला गेले, आणि राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून पारशांच्या एका खाणावळीत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं आली. एका हिंदू आणि एका ख्रिश्चन मित्राला विचारलं, दोघांनीही टाळलं. मग गाडीची वेळ होईपर्यंत सार्वजनिक बागेत बसून राहिले. बदलीच्या गावी घर शोधताना माझी चिडचिड होते तेव्हा मी आजकाल ते बाकडं आठवते. परळच्या बीआयटी चाळीत ते १९१२ ते १९३४ राहिले. दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह १९३०च्या दशकातलं. म्हणजे सुभेदारांनी महू सोडल्यावर त्या घराला स्वतःचं दार मिळायला चाळीसेक वर्षं लागली. आणि तेव्हा सुभेदार राहिलेच नव्हते.

बाकावर बसून आबांनी मग स्वतःचं सांगितलं. मला तुकड्यातुकड्यांनी माहीत होतं, सलग पहिल्यांदाच ऐकलं.

आबा १९६५ला भरती झाले. महारांची पलटण पहिल्या महायुद्धात, १९१७ साली उभी केली होती, युद्ध संपल्यावर मोडली, आणि १९४१ला बेळगावात महार रेजिमेंट नव्याने उभी राहिली. आबांच्या वडिलांना ते दार बंदच मिळालं, आबांना उघडं. ७१च्या लढाईत होते. १९८५ला पेन्शनवर यायच्या आधी सुट्टीत गावी गेले, खेडच्या बाजूला. बौद्धवाडीत वडिलोपार्जित एक खोली होती, दरडीच्या कडेला. आबांना रस्त्याला लागून जागा हवी होती. पाच गुंठ्यांचा एक तुकडा होता, मालकाने विसार घेतला. आठ दिवसांनी तो पैसे परत घेऊन आला.

"घरी आलता, म्हणजे दारापर्यंत. पायरीवर नोटा ठेवल्या, वर दगड ठेवला. म्हणला, भावकी ऐकत न्हाय."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मोजून घेतल्या."

मग आबा पुण्याकडे आले, डीएससीत दुसरी नोकरी धरली. सरकारी क्वार्टर होतंच काही वर्षं. लष्करी माणसांसाठी घरं बांधणारी संस्था, आर्मी वेल्फेअर हाऊसिंग ऑर्गनायझेशन, १९७८ सालीच सुरू झाली होती; पुण्यातलं साळुंके विहार तिचंच. पण त्या हप्त्यांचं गणित हवालदाराच्या पेन्शनमध्ये बसेना. १९८७ला एका एजंटाकडून दीड गुंठा घेतला, पिंपरी-चिंचवडच्या बाजूला. लष्कराच्या एका आस्थापनेच्या कुंपणाजवळ. एजंट म्हणाला होता, "मिलिटरीच्या शेजारी आहे हवालदार, तुम्हाला घरच्यासारखं." साठ्याखतावर सह्या, आणि पुढच्या वर्षी चार भिंती आणि पत्रे.

तुमच्या लक्षात आलं असेलच. रेड झोन! १९०३चा एक कायदा आहे, वर्क्स ऑफ डिफेन्स अ‍ॅक्ट. दारूगोळ्याची कोठारं वगैरे लष्करी बांधकामांभोवती २००० यार्डांपर्यंत बांधकामावर निर्बंध घालता येतात. आबांची जागा त्या रेषेच्या आत. आधीच गुंठेवारी, त्यात रेड झोन. २००१ साली गुंठेवारी नियमित करायचा कायदा आला तेव्हा आबा फाइल घेऊन चार महिने फिरले, उपयोग झाला नाही. स्लॅब टाकता येत नाही, बँक कर्ज देत नाही, विकायला गेलं तर मातीमोल. पत्रे दर काही वर्षांनी बदलतात. नवरा आणि त्याची बहीण त्याच पत्र्याखाली शिकले. पावसाळ्यात अभ्यास मोठ्याने करायचा, कारण पत्र्याच्या आवाजात मनातल्या मनात वाचलेलं ऐकू येत नाही, असं नवरा सांगतो.

मला १८३६चा तो हुकूम आठवला. बांधकाम तुमचं, जमीन तुमची नाही. आबांची तर जमीन कागदावर त्यांचीच आहे.

तर आमचं. पर्याय चार होते. एक, महूतच किंवा इंदूरला भाड्याने राहायचं. दोन, आबांजवळ, पण तिथून लेकीची शाळा लांब. तीन, नवऱ्याच्या डोक्यातलं खूळ: दापोलीला जागा घेऊन पुढे-मागे बांधायची. (सुभेदारांबद्दल मी सांगितल्यावर तर ते जास्तच वाढलं.) आबांनी ते एका वाक्यात निकालात काढलं. "रात्री छातीत दुखलं तर कुठं नेशील?" चार, पुण्यात वानवडीच्या बाजूला जुना फ्लॅट.

मे महिन्यात सुट्टी काढून आठ दिवसांत अकरा फ्लॅट बघितले. अनुभव सगळ्यांना असतो तसाच, पार्किंग, पाण्याचा टँकर, 'ईस्ट फेसिंग' वगैरे. दोन ठिकाणी मात्र आडनाव विचारलं गेलं. म्हणजे सरळ नाही. "मूळ गाव कुठलं तुमचं? अच्छा, आणि आडनाव काय म्हणालात?" एका बाईंनी चहा ठेवला होता, तो येईपर्यंत त्यांना एक फोन आला आणि मग घरच्यांशी बोलून कळवते म्हणाल्या. कळवलं नाही. दुसऱ्या ठिकाणी नवरा युनिफॉर्ममध्ये गेला होता, तिथे पहिल्यांदा 'सर, सर' झालं, मग तेच. मी परतताना गाडीत खूप बोलले. नवरा काही बोलला नाही. घरी आल्यावर आबांनी विचारलं, "चहा मिळाला का?" मला आधी कळलंच नाही ते काय विचारताहेत. मग नवरा हसला आणि म्हणाला, "फोन आला, आबा. चहा राहिला." दोघंही हसले. मला हसू आलं नाही, अजूनही येत नाही.

शेवटी घेतला तो फौजी लोकांच्या एका जुन्या सोसायटीतला, रीसेलचा. दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्टची तब्येत नाजूक. विकणारे एक निवृत्त सुभेदार मेजर, मुलाकडे परदेशी चाललेले. त्यांनी आबांची रेजिमेंट विचारली, कंपनी विचारली, ७१ला कुठे होतात विचारलं. त्यानंतर दोघं तासभर बोलत बसले आणि आम्ही बाल्कनीतून समोरचं चिंचेचं झाड बघत उभे. कर्ज १५ वर्षांचं, नोकरी सात वर्षांची. पेन्शनमधून पुढचे हप्ते. गणित बसतं, ताणून.

कागद आबांनी तपासले. वकिलाने तपासलेच होते, तरी. इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, कन्व्हेयन्स. मग म्हणाले, नकाशा दाखव. विकास आराखड्याचा नकाशा. नवऱ्याने लॅपटॉपवर काढून दिला. आबांनी चष्मा वर करून जवळून बघितलं, सगळ्यात जवळची लष्करी भिंत कुठली, तिथून किती अंतर, रेषा कुठून जाते, ते तीनतीनदा विचारलं. ते आमच्याकडे राहायला येणार नाहीत. मी विचारलं होतं. त्यांच्या घराच्या मागे त्यांनी शेवगा लावला आहे, पत्रे गेल्याच वर्षी बदलले आहेत, आणि गल्लीत आठ पेन्शनर आहेत. संध्याकाळी त्यांची बैठक असते.

जूनच्या सुरुवातीला महूच्या सदर बाजारातला पेंटर आला. दरवेळी तोच, आमच्या ट्रंकांचा त्याला पाठ आहे. नाव, हुद्दा, आणि मग ब्रश वर धरून त्याने विचारलं, "स्टेशन?" नवऱ्याने युनिटचा पत्ता फक्त दोन ट्रंकांवर घालायला सांगितला. बाकीच्या बारांवर फ्लॅट नंबर, बिल्डिंगचं नाव, वानवडी, पुणे. पेंटर म्हणाला, एवढं लांब मावणार नाही, अक्षर बारीक करायला लागेल. कर म्हटलं.

आबांची ट्रंक शेवटची होती. जुना रंग खरवडून पहिल्यापासून लावू का, असं त्याने विचारलं. आबा त्या दिवशी इथेच होते, सामान बांधायला मुद्दाम आलेले. म्हणाले, खरवडू नको, वरून मार.